आमच्या गावचा ज्वालामुखी सध्या बंद आहे

माझा पुतण्या नोकरीनिमित्त युरोपात असतो. 2021 च्या उन्हाळ्यात तो आइसलंडला फिरायला गेला आणि तिथून त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. काळ्याकुट्ट डोंगराच्या तोंडातून लालभडक रस उसळतोय आणि त्याच्या पुढ्यात आमचा पुतण्या निळं जाकीट घालून, लग्नाच्या हॉलबाहेर पाहुण्यांच्या स्वागताला उभा असावा तसा हसतोय. डोंगराचं नाव फाग्रादाल्सफ्यात्ल. (हे मी त्याने लिहिलेलं बघून उतरवलंय. उच्चाराची जबाबदारी माझ्यावर नाही.) त्या भागात जवळपास आठशे वर्षं सगळं शांत होतं. त्या वर्षी 19 मार्चला जमीन फाटली आणि पुढचे सहा महिने लोक आपल्याकडे धरण भरलेलं बघायला जातात तसे डबे घेऊन लाव्हा बघायला जात होते. काहींनी म्हणे त्या लाव्हावर सॉसेज भाजून खाल्ली.

"भरताची वांगी काय सुरेख भाजली असती," ही म्हणाली.

ग्रुपवर अंगठे पडले, टाळ्या पडल्या, डोंबिवलीच्या आत्याने "लांब उभा राहा रे बाबा" असं लिहून तीन नमस्कार टाकले. आणि मग पुतण्याने, केवळ सभ्यता म्हणून, विचारलं, "काका, तुमच्याकडे काय विशेष?"

आमच्याकडे म्हणजे पोशीरला. नेरळ स्टेशनला उतरून कळंबच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. गावाच्या नावाची नदी आहे, ती पुढे उल्हासला मिळते. तिच्यावरच्या धरणाची बातमी आली की गावाचं नाव पेपरात येतं, एरवी येत नाही. त्या दिवशी आमच्याकडचं विशेष एवढंच होतं, की सकाळपासून लाइट नव्हती आणि शेजाऱ्यांची म्हैस गाभण असल्याचं नक्की झालं होतं. लाल रस उसळणाऱ्या डोंगरापुढे म्हैस टाकणं मला बरं वाटेना. मी "सर्व ठीक" असं लिहिलं आणि फोन उपडा ठेवला.

त्याच पावसाळ्यानंतर एकदा रस्त्याच्या कडेला, जिथं डोंगराची कड कापून रस्ता काढलाय तिथं, दहा-बारा कॉलेजची पोरं हातोड्या घेऊन दगड फोडताना दिसली. बरोबर टोपीवाले एक सर. मला वाटलं खडीचं टेंडर निघालं. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला थांबून चौकशी करण्याचा अधिकार असतोच, तो मी बजावला.

"काय शोधताय?"

"लाव्हा," सर म्हणाले.

"इथं? कुठाय?"

"तुम्ही उभे आहात त्याच्यावर."

मी, काय सांगू तुम्हाला, चटकन पाय उचलला.

सरांनी मग उलगडून सांगितलं. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उलली आणि त्या भेगांतून लाव्हा वर आला. एकदा नाही. येऊन पसरला, थिजला, त्याच्यावर दुसरा आला, तोही थिजला, असं थरावर थर, आमच्या हिच्या सुरळीच्या वड्यांच्या पिठासारखं. सह्याद्रीच्या बाजूला ही चवड दोन किलोमीटरच्या आसपास जाड झाली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन या थरांखाली आहे, आणि मूळचं याहून बरंच मोठं होतं. माथेरान लाव्हा. भीमाशंकर लाव्हा. राज्यातलं सर्वांत उंच 1646 मीटरचं कळसूबाई, तेही लाव्हाच. ज्या दगडाला आपण काळा पाषाण म्हणून नमस्कार करतो किंवा ठेच लागल्यावर शिव्या देतो, तो हाच. डायनासोर संपले ते मेक्सिकोला आदळलेल्या उल्केमुळे, की या आमच्या लाव्हाच्या वाफाऱ्यांमुळे, की दोन्हींमुळे, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. आपल्या गावावर एवढा मोठा संशय आहे हे ऐकून मला, खोटं कशाला बोला, जरा अभिमानच वाटला.

"पण ज्वालामुखीचं तोंड कुठंय?" मी विचारलं. फोटोला तोंड लागतं.

तर तोंडच नाही. फुजीसारखा नीटनेटका शंकू, वर खळगा, त्यातून धूर, असली मांडणी आमच्याकडे झालीच नाही. भेगा होत्या, त्या बुजल्या. महाराष्ट्रात ज्वालामुखीच्या तोंडासारखं जे एक दिसतं ते बुलढाण्याचं लोणार, आणि तो खड्डा उल्केने पाडलेला. देशात सध्या धगधगता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथं उतरायला परवानगी नाही, बोटीतून लांबून दर्शन. म्हणजे जिवंत आहे तिथं पाय ठेवता येत नाही, आणि जिथं आमचे पिढ्यान्‌पिढ्या पाय आहेत तिथं कुणी फोटो काढत नाही.

घरी येऊन मी हिला म्हटलं, "आपण ज्वालामुखीवर राहतो."

"ते मला लग्नापासून माहितीये," ती म्हणाली.

एकदा हा लाव्हा डोक्यात भिनला की सगळीकडे तोच दिसायला लागतो. आमच्याकडे सूर्य उशिरा का उगवतो? कारण पूर्वेला भीमाशंकरची भिंत आडवी. लवकर का मावळतो? कारण पश्चिमेला माथेरान. दोन्हीकडून लाव्हाने आमचा दिवस कुरतडलाय, म्हणून पोशीरच्या माणसाची कामं राहून जातात. माथेरानची ती तांबडी माती, जी तिथून आलेल्या प्रत्येकाच्या पांढऱ्या बुटांवर वर्षभर टिकते, ती म्हणजे लाव्हाला चढलेला गंज. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब चौकच्या बाजूने माथेरानवर चढले आणि डोंगर 'शोधला' अशी नोंद झाली. 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी वर जायला लागली. साहेबाने प्रत्येक कड्याला पॉइंट म्हणून नाव दिलं आणि कुठं उभं राहून बघायचं ते ठरवून टाकलं. फोटोवाल्यांचं अर्धं काम तेव्हाच झालं.

आणि सगळ्यात मोठा शोध माझा स्वतःचा आहे, तो कुठल्याही पुस्तकात नाही: कर्जतचा वडा ज्वालामुखीमुळे आहे. हसू नका. लाव्हाचे थर साठले, त्यांचा कडा तयार झाला, त्या कड्याला आपण बोरघाट म्हणतो. 1863 मध्ये त्या घाटातून रेल्वे वर गेली, पण चढ असा, की 37 फूट पुढं गेल्यावर एक फूट वर. गाडीला एकटीला तो झेपत नाही. म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. इंजिनं लागेपर्यंत माणसाने करायचं काय? तर खाली उतरून दिवाडकरांचा वडा खायचा. लाव्हा नसता तर घाट नसता, घाट नसता तर इंजिन नसतं, इंजिन नसतं तर गाडी थांबली नसती, आणि 6 कोटी 60 लाख वर्षांची ही सगळी मेहनत वड्याअभावी फुकट गेली असती. घाटाचं काम चालू असताना फोडलेल्या कातळाच्या पोटातून पांढरे सुंदर स्फटिकही निघाले होते, असं ते टोपीवाले सर म्हणाले. पण वड्यापुढे स्फटिकाचं काय.

तर मी ठरवलं. पुतण्याला आपल्याही ज्वालामुखीचा फोटो पाठवायचा.

कॅमेरा जावयाचा. जावयाने नवा घेतला आणि जुना मला दिला. जावयाकडून वस्तू घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिला सासरा, त्यामुळे हिने तो कॅमेरा महिनाभर देव्हाऱ्याखालच्या कपाटात लपवून ठेवला होता. तीन पायांची घोडी गावातल्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून आणली. तिच्या एका पायाला अजून हळद होती. जावयाने फोनवर दीक्षा दिली: "पप्पा, लँडस्केप म्हणजे नुसता डोंगर नाही. पुढे काहीतरी पाहिजे. फोरग्राउंड." ते पुढचं काहीतरी म्हणून मी धाकट्या मेहुण्याला बरोबर घेतलं.

डोंगर कुठला, यावर वाद नव्हता. आमच्या तालुक्यात ज्वालामुखीच्या चित्रासारखा हुबेहूब दिसणारा एकच: पेठचा किल्ला, कागदोपत्री कोथळीगड. पायथ्याला आंबिवली, मग एक पठार, पठारावर पेठ नावाची छोटी वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर सरळ आभाळात घुसलेला काळा सुळका. लहान मुलाला 'ज्वालामुखी काढ' म्हटलं तर तो हाच काढेल आणि वर लाल खडूने रेघोट्या मारेल. खरं म्हणजे हा सुळका काही कशाचं तोंड वगैरे नव्हे. भोवतीचे थर पावसाने आणि वाऱ्याने खाऊन टाकले, आणि न खाल्ला गेलेला घास उरला, तो हा. पण फोटोत कुठं एवढं सांगत बसायचं.

पहिली स्वारी जुलैत केली. ती चूक कुणीही करू नये, आणि तरी मुंबईची हजारो माणसं दर शनिवारी करतात. नेरळ आणि कर्जतला पहिल्या लोकलने उतरणारा हा समाज मी वर्षानुवर्षं बघतोय. त्यांच्यात दोन जाती. एक भिजायला आलेली. हिच्याकडे पिशवीत कपड्यांचा जोड, स्पीकर आणि चकल्या. धबधब्यांवर जमावबंदी लागली की ही जात "आम्ही फक्त चहा प्यायला आलोय" असं पोलिसांना सांगते. दुसरी जात फोटोवाल्यांची. ही बोलत नाही. हिच्या पाठीवर मुलाएवढी बॅग असते आणि बॅगेला स्वतःचा रेनकोट असतो. मालक भिजत असतो. ही माणसं भाताच्या लावणीच्या कडेला येऊन थांबतात आणि आकाशाकडे बघून नाक मुरडतात. "लाइट फ्लॅट आहे." शेतात गुडघाभर चिखलात वाकलेली बाई एकदा मान वर करून म्हणाली, "आमच्याकडं तर चार दिवस लाइटच नाय."

एक गृहस्थ तर मागे आमच्या दारात आले होते. समोर त्यांना माथेरानची सबंध रांग हवी होती, आणि रांगेच्या बरोबर मध्ये आमची वाळत घातलेली चादर. त्यांनी फार अदबीने विचारलं, "काकू, ती काढता येईल का?" हिने चादर काढली. मग विजेची तार निघेना. मग पाण्याची टाकी. मग शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर. शेवटी ते म्हणाले की नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकतो. पुढे तो फोटो मला कुणीतरी दाखवला. सुरेख. धुकं, रांग, एक पक्षी. आमचं घर त्यात नव्हतं. आम्ही तेव्हा घरातच होतो.

हां, तर जुलै. आंबिवलीतून आम्ही दोघं चढायला लागलो तेव्हा सुळका दिसत होता. पेठच्या वाडीत पोचलो तेव्हा वाडी दिसत होती, सुळका गेला. भैरोबाच्या गुहेपाशी पोचलो तेव्हा मेहुणासुद्धा तीन फुटांवर अंधूक झाला. गुहा मात्र बघण्यासारखी आहे, कातळातच कोरलेले नक्षीचे खांब आणि आत कोरडं खट्ट. आणि तिथून पुढं या किल्ल्याची खरी गंमत. वर जायची वाट सुळक्याच्या बाहेरून नाही, पोटातून आहे. कुणीतरी त्या सबंध पाषाणाला आतून पोखरून जिना काढलाय, मंदिराच्या शिखराच्या आतून जावा तसा. आइसलंडला लोक ज्वालामुखीच्या बाहेर उभे राहून फोटो काढतात, आमच्याकडे ज्वालामुखीच्या घशातून पायऱ्या चढून टाळूवर येता येतं, आणि वर गार पाण्याचं टाकं.

या दगडाला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि ट्रॅप म्हणजे सापळा असं मला इतके दिवस वाटायचं. तसं नाही. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात, एकेका थराची एकेक पायरी, म्हणून ते नाव. इथं तर जिन्यासारख्या दगडाच्या आत पुन्हा जिना. मी हे मेहुण्याला चढता चढता सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, सापळाच बरोबर आहे."

माथ्यावर मी चौसष्ट फोटो काढले. चौसष्टच्या चौसष्ट पांढरे. काहींत खालच्या कोपऱ्यात मेहुण्याचं कोपर आहे. त्यातल्या त्यात जो मला निसर्गरम्य वाटला तो मी ग्रुपवर टाकला. आत्याचा निरोप आला, "फोटो डाउनलोड होत नाहीये."

खाली पेठेत एका घराच्या ओसरीवर चहा घेतला, तांदळाची भाकरी आणि पिठलं खाल्लं. ओले कॅमेरे घेऊन ओसरीभर लोक बसले होते, आणि सगळे एकाच सुरात धुक्याला बोल लावत होते. भाकरी थापणारी मावशी चुलीपुढून म्हणाली, "पाऊस बघायला येता, आणि आला की रुसता." आम्ही सगळ्यांनी आणखी एकेक भाकरी मागितली.

दुसरी स्वारी पुढच्या उन्हाळ्यात, ऐन वैशाखात. धुकं नाही म्हणजे झालं, असा हिशेब. पहाटे चारला निघून सूर्याच्या आधी माथा गाठला. कडे दिसले, पदरगड दिसला, तुंगी दिसली, सिद्धगड दिसला, पार मागे माथेरानची सपाट पाठ दिसली. ही सगळी मंडळी साक्षात समोर, आणि कॅमेऱ्यात मात्र ताकाच्या निवळीत बुडवून काढल्यासारखी. उन्हाळ्यातली ती धूसर हवा डोळ्याला जाणवत नाही, काचेला जाणवते. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. आठ वाजेपर्यंत पायाखालचा कातळ असा तापला, की लाव्हा थिजलाय याबद्दल मेहुण्याने जाहीर शंका घेतली.

दहाला आम्ही खाली. गाडीची वाट बघत बांधावर बसलो होतो. समोरच्या खाचरात एक म्हातारे आजोबा राब भाजत होते. शहरातल्या वाचकासाठी सांगतो: पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जो तुकडा राखतात, त्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा यांचे थर पसरून, वर माती टाकून तो भाजून काढायचा. तण जळतं, जमिनीला राख मिळते. वारा नव्हता. धुराचा एक जाड, पांढुरका खांब सरळ वर निघाला. मी सहज मान वाकडी करून बघितलं. आणखी थोडी वाकडी केली. मग बांधावर आडवाच झालो.

देवाशपथ सांगतो, धूर पेठच्या सुळक्यातून निघत होता.

म्हणजे निघत नव्हता. मध्ये चांगलं मैलभर अंतर. पण लांब भिंगातून बघितलं की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटतं, ही जावयाची शिकवण मला त्या क्षणी पटली. काळा शंकू, त्याच्या बरोब्बर टोकातून वर चढणारा, वरती छत्रीसारखा फाकलेला धूर.

आजोबा जवळ आले. "शूटिंग काय?"

"नाही, ज्वालामुखी."

"बरं," ते म्हणाले. "पन जरा सरका. पायजमा पेटंल."

तो फोटो मी तिथूनच ग्रुपवर टाकला. खाली फक्त लिहिलं: "आमच्याकडचा. आज सकाळी 10.20." एवढ्यात गाडी आली, आणि पुढे वाटेत रेंज गेली. मला आजही वाटतं की रेंज गेली नसती तर पुढचं काही झालं नसतं.

कशेळे ओलांडून फोन पुन्हा जागा झाला तेव्हा त्यात एकतीस निरोप होते आणि सतरा चुकलेले कॉल. आत्या: "गॅस बंद करा आणि अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडा." पुतण्या: "वॉव काका!! इरप्शन??" बदलापूरच्या साडूंचा कॉल मी घेतला. त्यांचा पहिला प्रश्न, "लोकल चालू आहेत का?" मी म्हटलं चालू आहेत. "मग एवढं काही नसेल," ते म्हणाले, "इथं दोन इंच पावसाने बंद पडतात." सगळ्यात हालत झाली ती ठाण्याच्या चुलतभावाची. त्याने नेरळला सेकंड होमसाठी टोकन दिलं होतं. त्याचे एकापाठोपाठ एक पाच निरोप: ज्वालामुखी प्लॉटपासून किती अंतरावर आहे? सातबाऱ्यावर अशी काही नोंद असते का? बिल्डरने हे सांगायला नको होतं का? लाव्हा नेरळपर्यंत येईल का? आणि शेवटी, जरा विचारांती: ज्वालामुखी दिसणारा फ्लॅट असेल तर भाव वाढतो का?

मी खरं काय ते लिहिलं. राब, आजोबा, वाकडी मान. आणि जाता जाता हेही लिहिलं, की ज्वालामुखी आहे हे मात्र खरं, फक्त तो 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच आटोपलाय. दुपारभर ग्रुपवर कुणी बोललं नाही. आपण घाबरलो ते फुकट गेलं याचा माणसाला राग येतो, आणि तो राग ज्याने धीर दिला त्याच्यावर निघतो. आत्याने तर पुढे दोन महिने माझ्या एकाही सुप्रभातला उत्तर दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी उन्हाने भाजलेली मान आणि खरचटलेली कोपरं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात टेकलो होतो. लाइट नव्हतीच. लाइट नाही म्हणजे मिक्सर नाही, म्हणून ही कोपऱ्यातला पाटा ओढून लसणाची चटणी वाटत बसली होती. दारातून मावळतीचं तिरपं ऊन आत येऊन नेमकं पाट्यावर पडलं होतं. फोटोवाले ज्याच्यासाठी डोंगरावर तासन्‌तास उभे राहतात ते सोनेरी ऊन, आमच्या मोरीशेजारी.

मी नीट बघितलं. हा पाटा माझ्या आजीचा. मध्ये खोलगट झालेला, आजीपासून हिच्यापर्यंत तीन बायकांच्या हातांनी. टाकीचे घाव एके काळी आडवे-उभे ठळक होते, आता हात फिरवला तरच कळतात. 'पाटा-जात्याला टाकीऽ' असं ओरडत येणाऱ्या बाया आमच्या आळीत यायच्या थांबल्यालाही कित्येक वर्षं झाली. काळा, पण नुसता काळा नाही. उन्हात आत बारीक चमक. आणि कडेला, जिथं वरवंटा पोचत नाही तिथं, मोहरीएवढी, मुगाएवढी भोकं. लाव्हा थिजताना त्यातली वाफ निघून जायला धडपडते आणि जिला जमत नाही तिचा बुडबुडा आतच राहतो, तो हा. दोन-तीन भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं, खड्यासारखं. त्या पोरांनी हातोड्यांनी दगड फोडून जे शोधलं होतं तेच. बाकीच्या भोकांत लसूण.

मी कॅमेरा आणला. गुडघ्यावर बसलो, मग पोटावर झोपलो. पुढे वरवंटा, मागे लाल चटणीची धार खोलगट भागातून हळूहळू खाली येतेय, काळ्या कातळावरून. आइसलंडच्या फोटोत जे होतं ते सगळं होतं, आणि वर मिरचीचा वास.

"झालं असेल तर मीठ द्या," ही म्हणाली.

मी तो फोटो टाकला. खाली लिहिलं: "आमच्याकडचा लाव्हा. या वेळी खरा." आत्याने बघितला, उत्तर दिलं नाही. चुलतभावाने एक अंगठा दिला, तो बहुधा चुकून. रात्री उशिरा पुतण्याचा निरोप आला. त्याने फोटो मोठा करून पाहिला असावा. "काका, तिकडे असा पाटा अजून मिळतो का? दिवाळीला येईन तेव्हा घेऊन जाईन म्हणतो. वजन किती असेल? विमानात 23 किलो चालतं."

दुसऱ्या दिवशी मी आणि मेहुण्याने पाटा गोणपाटात गुंडाळून वाण्याच्या काट्यावर नेला. एकोणीस किलो भरला. वरवंटा वेगळा.